ब्लॅकबर्न रोव्हर्सचं तिसऱ्या श्रेणीतलं वर्ष

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा सोळा वर्षांचा, मधल्या फळीत खेळतो आणि टीव्हीवर फक्त मोठे क्लब बघतो. पुण्याच्या मालकांचा ब्लॅकबर्न रोव्हर्स २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि एका वर्षात परत वर आला, हे त्याने कुठेतरी वाचलं. ते कसं जमलं, कोणामुळे जमलं आणि असला खालच्या श्रेणीतला फुटबॉल बघून त्याला काही मिळेल का, हे तुम्हाला हवंय.

आधी एका वाक्यात सांगते. त्या वर्षी क्लबने मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बदलला नाही. पुढचं बरंचसं त्यातून आलं.

मी पुण्यात गेली बावीस वर्षं मुलामुलींना फुटबॉल शिकवते. मधली तीन वर्षं, २०१६ ते २०१९, घरच्या कामानिमित्त लँकशायरमध्ये, म्हणजे ब्लॅकबर्नच्याच भागात होते. तिथे एका गावातल्या चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ सांभाळायचे आणि जमेल तेव्हा ईवुड पार्कला, ब्लॅकबर्नच्या मैदानावर, जायचे. म्हणजे तो घसरणीचा हंगामही पाहिला आणि चढणीचाही. त्याआधी २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुणे एफसीशी खेळायला बालेवाडीत आला होता, तेव्हाही माझ्याकडची पोरं घेऊन गेले होते. त्यामुळे या क्लबकडे मला परक्यासारखं बघता येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १८८८ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी ब्लॅकबर्न एक. १९९४-९५ मध्ये त्यांनी प्रीमियर लीग जिंकली. जॅक वॉकर या तिथल्याच पोलाद व्यावसायिकाचा पैसा, केनी डॅलग्लिश मॅनेजर आणि ॲलन शिअररचे ३४ गोल. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज म्हणजे वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब घेतला. महिन्याभरात सॅम ॲलार्डाइस यांना काढलं. ७ मे २०१२ रोजी क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्यानंतरच्या एका हंगामात तर मॅनेजरांची रांगच लागली. हेनिंग बर्ग यांना मिळाले ५७ दिवस, मायकेल ॲपलटन यांना ६७. एवढ्या दिवसांत मी माझ्या बारा वर्षांच्या मुलांना धड कॉर्नर शिकवू शकत नाही.

चाहत्यांचा राग खरा होता आणि मी तो जवळून पाहिलाय. मी पुण्याची म्हटल्यावर शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा आधी गप्प झाले, मग म्हणाले की तू काही क्लब विकत घेतला नाहीस, बस. सामना संपेपर्यंत त्यांनी मला प्रत्येक खेळाडूची कुंडली सांगितली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे आले. ॲलार्डाइस गेल्यानंतरचे ते सातवे कायम मॅनेजर. त्यांनी पराभव बरेच थांबवले, पण वेळ निघून गेली होती. शेवटच्या दिवशी, ७ मे २०१७ ला, ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डला त्यांच्या मैदानावर ३-१ ने हरवलं आणि तरीही ते घसरले. तिकडे नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला ३-० ने हरवलं. दोघांचे गुण ५१. मग बघतात गोलफरक, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल. फॉरेस्टचा उणे १०, ब्लॅकबर्नचा उणे १२. बरोबर पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला ते प्रीमियर लीगमधून बाहेर पडले होते. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची इंग्लंडमधली ती पहिलीच वेळ.

आता तिसरी श्रेणी म्हणजे काय ते मुलाला सांगा. वर प्रीमियर लीग, तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू. नावाला 'वन' असलं तरी लीग वन तिसरी आहे. चोवीस क्लब, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन सरळ वर जातात, तिसरा ते सहावा यांच्यात एका जागेसाठी प्लेऑफ होतो आणि शेवटचे चार खाली घसरतात. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री पावणेआठला पुन्हा सामना, शनिवारी पुन्हा. वर चषकांचे सामने वेगळेच. डिसेंबर-जानेवारीत मैदान जड होतं, चेंडू अडकतो, गोलसमोरच्या बॉक्समध्ये हवेतून चेंडू येत राहतात. त्या वर्षी या श्रेणीत उत्तर-पश्चिमेतले ब्लॅकबर्न, विगन, बरी, ओल्डहॅम, रॉचडेल, ब्लॅकपूल आणि फ्लीटवुड असे सात क्लब होते. पुण्याहून साताऱ्याला जावं इतक्या अंतरात बहुतेक सगळे. आणि दुसऱ्या टोकाला प्लिमथ आणि साउथएंड, म्हणजे अख्खा दिवस बसमध्ये.

इथे ब्लॅकबर्नसारखा क्लब आला की प्रत्येक यजमानासाठी तो वर्षातला मोठा सामना ठरतो. माजी विजेता आपल्या गावात येतोय म्हटल्यावर स्टँड भरतात, खेळाडू जीव ओतून खेळतात. पहिल्याच सामन्यात साउथएंडने २-१ ने हरवलं. दुसऱ्यात घरच्या मैदानावर डॉनकास्टरने ३-१ ने. दोन सामने, शून्य गुण. त्या दुसऱ्या सामन्यानंतर बाहेर पडताना लोकांचे चेहरे मला आठवतात. ओरडणं नव्हतं, लोक नुसते चालत होते.

मागच्या सात वर्षांची सवय पाहता मॅनेजर जाणार, असं कोणीही म्हटलं असतं. क्लब घसरल्यावरही मोब्रे यांना ठेवलं होतं आणि या दोन पराभवांनंतरही ठेवलं. माझ्या मते त्या हंगामातला सगळ्यात मोठा निर्णय तोच. मोब्रे हे मिडल्सब्रोचे जुने कर्णधार, सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारे. वेस्ट ब्रॉमला २००८ मध्ये त्यांनी चॅम्पियनशिप जिंकून दिली होती. माणूस शांत, बोलणं जरा उदासवाणं, पण रोजचं काम पक्कं. मॅनेजर टिकला की काय होतं? खेळाडूला कळतं की पुढच्या महिन्यात नवा माणूस येऊन माझी जागा बदलणार नाही. तो चूक करायला घाबरत नाही. सरावात शिकवलेली गोष्ट सहाव्या आठवड्यात सामन्यात दिसायला लागते. प्रशिक्षक म्हणून मला हे तुमच्या मुलाहून तुम्हाला सांगायचंय, कारण एका वर्षात तीन अकादमी बदलणारे पालक मी दर हंगामात बघते.

पैशाचा भागही लपवणार नाही. लीग वनमध्ये खेळाडूंच्या पगारावर क्लबच्या उलाढालीच्या ६० टक्क्यांची मर्यादा होती. पण मालकाने भांडवल म्हणून घातलेला पैसा उलाढालीत धरला जायचा, त्यामुळे ज्याचा मालक खिशात हात घालेल त्याला मोकळीक जास्त. वेंकीजने पैसा घातला. ब्रॉकहॉलचं सरावकेंद्र आणि पहिल्या दर्जाची अकादमी, दोन्ही खालच्या श्रेणीतही चालू ठेवलं. तुलनेला त्याच श्रेणीतला श्रुसबरी क्लब बघा. त्यांची कमाई याच्या आसपासही नव्हती, तरी पॉल हर्स्ट यांच्या हाताखाली ते तिसरे आले, ८७ गुणांनी. त्यांचा गोलरक्षक होता मँचेस्टर युनायटेडकडून लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना आलेला डीन हेंडरसन. म्हणून ब्लॅकबर्नचं कौतुक करताना ते गरिबीतून वर आले असं कुणी सांगितलं तर मानू नका. पैसा त्यांच्याकडे आधीच्या वर्षांतही होता. फरक इतकाच की या वर्षी तो डोकं ठिकाणावर ठेवून खर्च झाला.

म्हणजे कसा? त्याच श्रेणीत खेळून पोळलेले, तिथली मैदानं माहीत असलेले खेळाडू आणले. ब्रॅडली डॅक जिलिंगहॅमहून, पॉल डाउनिंग एमके डॉन्सहून, जानेवारीत अमारी बेल फ्लीटवुडहून. रिचर्ड स्मॉलवुड रॉदरहॅमहून आला. मधल्या फळीत धावणारा, चेंडू हिसकावणारा, फारसा कुणाच्या नजरेत न भरणारा. त्याच्याशिवाय डॅकला मोकळं खेळताच आलं नसतं.

डॅकबद्दल जरा सावकाश सांगते, कारण तुमचा मुलगा मधल्या फळीतला आहे. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दहा नंबरच्या जागेवर खेळायचा, म्हणजे आघाडीवीराच्या जरा मागे. (पाठीवरचा आकडा मात्र २३.) तो वेगवान नव्हता. माझ्या मुलींपैकी दोघी शर्यतीत त्याला घाम फोडतील, असं मी तेव्हा घरी म्हणायचे. पण तो उभा कुठे राहतो ते बघण्यासारखं होतं. समोरच्या संघाची मधली फळी आणि त्यांचे सेंटर बॅक यांच्यामध्ये जी पट्टी असते तिथे तो हळूहळू सरकायचा. चेंडू आपल्या बचावपटूकडे असतानाच दोनदा खांद्यावरून मागे बघून घ्यायचा. पास येईपर्यंत अंग अर्धं गोलच्या दिशेला वळलेलं. त्यामुळे पहिल्या स्पर्शातच चेंडू पुढे निघायचा, जिथे दुसऱ्या कुणाला थांबवून, वळून, मग बघायला लागलं असतं. आणि क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेला चेंडू, येत असेल तर तो धावत सुटायचा नाही, आधी थांबायचा. सगळे बचावपटू गोलकडे पळाले की मागे जी जागा रिकामी होते तिथे तो पोचलेला असायचा. लीगमध्ये १८ गोल केले त्याने, आणि लीग वनचा त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

चार्ली मलग्रू हा बचावपटू. सेल्टिकमध्ये बरीच वर्षं काढून आलेला स्कॉटिश खेळाडू, त्या हंगामात बत्तिशीत पोचलेला. सेंटर बॅक असून लीगमध्ये १४ गोल. सेंटर बॅकने वर्षात चार-पाच केले तरी आपण खूश असतो. फ्री किक आणि पेनल्टी त्याच्याकडे, शिवाय कॉर्नरला हेडर. डावा पाय. बॉक्सबाहेर फ्री किक मिळाली की ईवुडमध्ये एक वेगळीच शांतता पसरायची. तो चेंडू ठेवायचा, पुसायचा, परत ठेवायचा. दोन-चार पावलं मागे, फार लांब नाही. पाय चेंडूखाली न घालता बाजूने कापायचा, आणि चेंडू भिंतीवरून गेल्यावर खाली बसायचा. माझ्या संघातल्या एका मुलीने हे बघून सहा महिने फक्त तेवढंच केलं. भिंतीऐवजी कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर गोधडी. हंगाम संपेपर्यंत दहातल्या चार फ्री किक ती गोधडीवरून पाडायला लागली होती.

फ्री किक-कॉर्नरसारख्या थांबलेल्या चेंडूवर इतका भर का, हे विचाराल तर उत्तर डिसेंबरातल्या मैदानात आहे. चिखलात पंचवीस पास जोडून गोल होत नाहीत. बरोबरीत अडकलेला मंगळवारचा सामना एका फ्री किकने सुटतो, आणि असे सात-आठ सामने सुटले की वर्षाअखेर पंधरा गुण वाढलेले असतात.

डॅनी ग्रॅहम हा तिसरा. प्रीमियर लीगमध्ये खेळून आलेला आघाडीवीर, तोही बत्तीस वर्षांचा. लीगमध्ये १४ गोल. पण गोलांपेक्षा त्याची पाठ बघावी. लांबून आलेला चेंडू, मागून धक्के देणारा सहा फुटी बचावपटू, आणि हा गडी पाय रोवून उभा. चेंडू छातीवर घेऊन बाजूला डॅकला सरकवायचा. डॅकचे कितीतरी गोल या पाठीवर उभे आहेत. मुलांना मी सांगते, 'मजबूत' म्हणजे दंड फुगवलेला माणूस नाही. धक्का कधी येणार हे ज्याला आधी कळतं आणि जो त्या क्षणी गुडघे वाकवून खाली बसतो, तो मजबूत. ग्रॅहमला ते डोळे मिटून जमायचं.

डॅक, मलग्रू आणि ग्रॅहम यांचे मिळून ४६ गोल झाले. जानेवारीत न्यूकासलहून लोनवर ॲडम आर्मस्ट्राँग आला, वीस वर्षांचा, बुटका, सुसाट. अर्ध्या हंगामात लीगचे ९ गोल. म्हणजे क्लबच्या एकूण ८२ गोलांपैकी ५५ या चौघांचे. पुढे क्लबने त्याला विकतच घेतलं, २०२०-२१ मध्ये त्याने चॅम्पियनशिपमध्ये २८ गोल ठोकले आणि साउथॅम्प्टनने त्याला नेलं.

गोलरक्षकाचं नाव तुमच्या मुलाला माहीत असणार. डेव्हिड राया. तोच, जो आता आर्सेनलकडे आहे आणि ज्याने २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगचा गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सर्वाधिक सामने गोल न खाता काढणाऱ्या गोलरक्षकाचा मान, घेतला. बार्सिलोनाजवळच्या कॉर्नेयाहून तो सोळाव्या वर्षी ब्लॅकबर्नच्या अकादमीत आला. मध्ये साउथपोर्टला लोनवर पाठवला, म्हणजे पाचव्या श्रेणीत. २०१७-१८ मध्ये बावीस वर्षांचा होता आणि जवळजवळ प्रत्येक लीग सामना खेळला. उंची गोलरक्षकाच्या मानाने कमीच. पण क्रॉसवर पुढे येऊन चेंडू उचलण्याची हिंमत आणि पायाने पास देण्याची सफाई तेव्हाही दिसायची. लीग वनमधल्या दांडगटांनी त्याला कॉर्नरवर इतकं रेटलंय की पुढे त्याला कशाचं भय राहिलं नसावं. खालची श्रेणी बघून काय मिळेल, असं तुम्ही विचारलंत ना? वरच्या श्रेणीतला गोलरक्षक घडताना बघायला मिळतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नामिबियात जन्मलेला रायन नायंबी अकादमीतून आला आणि उजवी बाजू सांभाळायचा. डॅरा लेनिहन मागे आडदांड आणि प्रामाणिक. एलियट बेनेट मोब्रे सांगतील तिथे खेळायचा, कधी मागे, कधी पुढे, कुरकूर न करता. कॉरी एव्हन्स मधल्या फळीत. संघ कधी मागे चार ठेवून खेळला, कधी तीन. माणसं मात्र तीच राहिली, हे महत्त्वाचं.

पहिले दोन पराभव धरून अख्ख्या हंगामात सहाच पराभव झाले. म्हणजे उरलेल्या ४४ सामन्यांत चार. २८ विजय, १२ बरोबरी, ९६ गुण. तरी ते दुसरे आले! पॉल कुक यांच्या विगनने ९८ गुण घेतले, आणि त्याच विगनने फेब्रुवारीत एफए कपमध्ये, म्हणजे सगळ्या श्रेणींतले क्लब खेळतात त्या चषकात, मँचेस्टर सिटीला हरवलं होतं. मुलाला सांगा, सिटीला हरवणारा संघ आणि ब्लॅकबर्न यांच्यात वर्षाअखेर दोनच गुणांचं अंतर होतं. मार्चमध्ये ईवुडवर दोघांचा सामना झाला, २-२. मी पाहिलेल्या लीग वनच्या सामन्यांमधला तो सगळ्यात चुरशीचा.

आणि वर जाणं पक्कं झालं ते डॉनकास्टरमध्ये, २४ एप्रिल २०१८ ला. पुन्हा मंगळवारची रात्र. ज्या संघाने ऑगस्टमध्ये घरात येऊन तीन गोल मारले होते, त्यांच्याच मैदानावर ब्लॅकबर्न १-० ने जिंकलं. गोल कोणाचा, तर मलग्रूचा. मला तिकीट मिळालं नव्हतं. स्वयंपाकघरात रेडिओ लावून मी पोळ्या करत होते, आणि गोल झाला तेव्हा समालोचकाचं बोलणं मला कळेपर्यंत पलीकडच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. त्या आजोबांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. पुण्याला कळव म्हणाले. त्याच वसंतात शेजारचं चिमुकलं ॲक्रिंग्टन स्टॅनली लीग टू जिंकून लीग वनमध्ये आलं, त्यामुळे त्या पट्ट्यात आठवडाभर सगळीकडे झेंडे होते.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ब्लॅकबर्न ज्या तक्त्यात दुसरे आले, त्याच तक्त्यात शेवटच्या जागी होता बरी. ब्लॅकबर्नहून तासाभराच्या आत पोचता येतं तिथे. पुढच्या वर्षी ते लीग टूमधून वर आले, पण पैशाच्या गर्तेत अडकले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना लीगमधून काढून टाकण्यात आलं. त्यांच्याबरोबर खाली गेलेला ओल्डहॅम, एकेकाळचा प्रीमियर लीग क्लब, २०२२ मध्ये फुटबॉल लीगच्याच बाहेर पडला. माझ्या संघातल्या दोन मुलींचे वडील बरीचे चाहते. आता शनिवारी काय करायचं, असं त्यातल्या एकाने मला विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. वेंकीजविषयी पुण्यात कोणी अभिमानाने किंवा तिरस्काराने बोललं की मला आधी हे वडील आठवतात. मालक चुकले तरी पैसा थांबला नाही, म्हणून ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना रागावायला तरी क्लब उरला.

आता मुलासाठी. त्या हंगामाचे तुकडे इंटरनेटवर सापडतात, पण नुसते गोल बघू देऊ नका. शक्य असेल तर सबंध अर्धा सामना शोधा आणि त्याला वीस मिनिटं फक्त डॅककडे बघायला सांगा, चेंडूकडे नाही. हातात कागद-पेन्सिल. डॅकने मागे मान वळवली की एक रेघ, पास मिळाला की एक टिंब. मग तुमच्या मुलाचा पुढचा सामना तुम्ही मोबाइलवर काढा, मैदानाच्या बाजूने, उंचावरून जमलं तर उत्तम, आणि त्याच पद्धतीने रेघा-टिंबं त्यालाच मोजू द्या. माझ्याकडे येणाऱ्या मधल्या फळीतल्या मुलांच्या कागदावर पहिल्या वेळी टिंबं भरपूर असतात आणि रेघा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दोन महिने हे चालू ठेवा. तोवर अकादमी बदलू नका.